गोधडी कापू नका: चर्चच्या पंच कमिटीला खुलं पत्र

प्रति,
आदरणीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार, जय ख्रिस्त.

हॉलच्या दारावर तुम्ही लावलेली नोटीस गावातल्या बायांनी वाचली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या लेकीसुनांनी वाचून दाखवली. भिंतीवरची गोधडी जागेअभावी आणि हॉलच्या बुकिंगला अडचण होते म्हणून कायमची उतरवली आहे, ज्यांचे तुकडे असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत ओळख पटवून ते उसवून न्यावेत, उरलेल्या कापडाची कमिटी विल्हेवाट लावेल, असं तिच्यात लिहिलं आहे. खाली सही आहे, शिक्का आहे. गोधडी शिवणाऱ्या बायांना विचारल्याचा एक शब्द नाही, कारण आम्हाला कोणी विचारलंच नाही.

हे पत्र तुमच्या हातात देतेच आहे, पण गावानंही वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. तुमच्या बैठकीला आम्हाला बोलावणं नव्हतं. हरकत कुठं नोंदवायची हेही नोटिशीत नाही. तोंडी विचारायला गेलेल्या बायांना "ठराव झाला, आता काही होत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

मी तुमच्या मंडळीतली नाही. पण त्या गोधडीच्या तिसऱ्या ओळीतला पाचवा चौकोन माझा आहे. माझ्या लेकरांच्या बाबांचा आकाशी सदरा. तो मी खिशासकट कापून दिला. खिशाच्या तळाशी शाईचा मोठा डाग आहे. जिनिंगवर कापूस घेऊन गेले की भाव, वजन, कट्टी म्हणजे वजनातली कपात, सगळं लिहून घ्यायची त्यांना सवय होती, त्यासाठी खिशात पेन असायचा, तो एका उन्हाळ्यात फुटला. सदरा शिवायला घेतला तेव्हा मी डाग काढायला निघाले होते. पाळकीणबाईंनी, म्हणजे मागच्या पाळकसाहेबांच्या पत्नीनं, माझा हात धरला आणि राहू द्या म्हणाल्या. खिशाचं बटण मी कधीतरी लाल दोऱ्यानं लावून दिलं होतं, तेही तसंच ठेवलं.

ते कर्जापायी गेले. वावर मक्त्यानं केलेलं, पैसा परवाना नसलेल्या सावकाराकडून घेतलेला, आणि त्या वर्षी बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी खाल्ली. अशा घराला सरकार 2006 पासून 1 लाख रुपये देतं, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं, त्याचा कागद लागतो. आमच्याकडे कागद नव्हता. प्रकरण अपात्र झालं. अपात्र घरातली बाई गावात कशी वावरते ते मी इथं सांगत बसत नाही, तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलं आहे. नवरा गेला तो कोणत्याच नोंदवहीत धड लिहिला गेला नाही. लिहिला गेला तो त्या गोधडीत. तिथं पात्र बाईचं ठिगळ आणि माझं ठिगळ एकाच दोऱ्यानं जोडलेलं आहे.

कमिटीतले काही सभासद नवे आहेत, म्हणून ती गोधडी कशी झाली तेही सांगते. उन्हाळ्यात वावरात काम नसतं, गोधड्या शिवायचे दिवस तेच. पाळकीणबाईंनी चर्चचं महिला मंडळ आणि आमचे दोन बचत गट एकत्र बोलावले आणि म्हणाल्या, प्रत्येकीनं घरातलं असं एक कापड आणा जे फेकवत नाही आणि वापरवतही नाही. पहिल्या दिवशी कोणी काही आणलं नाही. मग एकीनं तिच्या गेलेल्या लेकाचं शाळेचं खाकी पॅन्ट आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पिशव्या यायला लागल्या.

हॉलच्या फरशीवर जुनं नऊवारी अंथरलं, त्यावर धोतरांचे थर, त्यावर आमचे चौकोन. पिंजारी घरातल्या वहिनी म्हणाल्या की भिंतीवर लटकवायची तर आत कापूस भरू नका, खाली गोळा होऊन बसेल. म्हणून फक्त कापडाचे थर दिले. कडांवर वरवंटे आणि विटा ठेवून ती ताणली. चारी बाजूंनी बाया बसल्या आणि काठाकडून मध्याकडे शिवत सरकत गेल्या. टाका तांदळाएवढा. आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी सुई धरू शकत नव्हती, पण नजर तिची. जरा कुठं दोरा जास्त ताणला की ओरडायची, "वढू नको व बाई, कापड गोया होते!" आणि तेवढी ओळ उसवायला लावायची. शेवटच्या दिवसांत आम्ही सगळ्या मध्यभागी इतक्या जवळ आलो होतो की गुडघ्याला गुडघा लागत होता. कोण कोणत्या जातीची, कोणाच्या घरी कोण पाणी पीत नाही, हे त्या फरशीवर कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

एकूण 49 चौकोन. त्यात तुमच्या मंडळीतल्या एका बाळाचं बाप्तिस्म्याचं झबलं आहे. बौद्ध वाड्यातल्या एका ताईनं तिच्या सासूच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ दिला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घ्यायला सासू ते लुगडं नेसून गेली होती. पिंजारी वहिनींच्या आईची ओढणी आहे. मेळघाटातून लग्न होऊन आलेल्या कोरकू सुनेनं माहेरचं लुगडं फाडलं. कापूस वेचायला कमरेला बांधतात ती ओटी तर तीन जणींनी दिली, पऱ्हाटीचे काटे लागून लागून विरलेली. सगळीच ठिगळं मेलेल्यांची नाहीत. एकीची मुलगी पोलिसात भरती झाली तेव्हाचा तिचा सरावाचा टी-शर्टही आहे. हे यासाठी सांगते की हॉलमध्ये "मेलेल्यांचे कपडे" लावले आहेत असं काही जण बोलताना ऐकलं, आणि त्यांनी ती गोधडी जवळ जाऊन कधी पाहिली नाही असं मला वाटतं.

ती भिंतीवर चढवायला आम्ही 19 मार्च निवडला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी 1986 साली याच तारखेला बायको आणि चार लेकरांसह पवनारजवळच्या दत्तपूरला जीव दिला. त्या दिवशी महाराष्ट्रात पुष्कळ लोक अन्नत्याग करतात. आमच्या हॉलमध्येही दर वर्षी त्या संध्याकाळी बाया जमायच्या, वहीतून एकेका ठिगळाची हकिगत वाचली जायची, पाळकसाहेब प्रार्थना करायचे, आणि मग सगळ्या मिळून उपास सोडायच्या. गावात शेतकरी बाईनं उघडपणे आपल्या माणसाचं नाव घ्यावं अशी ती एकच जागा होती.

आता तक्रारी सांगते.

पहिली, ती उतरवली कशी. एका लग्नाच्या आदल्या दिवशी डेकोरेशनवाल्या पोरांनी शिडी लावली आणि काठीतून न काढता वरून ओढली. वरच्या कडेचे अडकवायचे पाचही फासे फाटले, आणि पहिल्या ओळीतले दोन चौकोन सुटून लोंबायला लागले. त्यातला एक त्या खाकी पॅन्टचा आहे. मग ती घडीही न घालता युरियाच्या रिकाम्या पोत्यात कोंबली आणि जनरेटरच्या खोलीत ठेवली. तिथं डिझेलचा कॅन आहे, उंदीर आहेत, आणि पावसाळ्यात कवेलू गळतात. आमची एक बाई झाडायला येते, तिनं दाराच्या फटीतून पोतं पाहिलं म्हणून आम्हाला कळलं. नाहीतर आम्ही समजत होतो की लग्न आटोपलं की पुन्हा लागेल.

दुसरी तक्रार मोठी आहे. नोटिशीत जागा आणि बुकिंग लिहिलं असलं, तरी ठरावाच्या आधी गावात काय बोललं गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीकडचे म्हणाले की विधवा बायांच्या नवऱ्यांचे कपडे मांडवासमोर नकोत, शुभकार्यात अपशकुन होतो. आणि कमिटीनं ते मान्य केलं.

पाळकसाहेब, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. शकुन-अपशकुन मानू नका, हे या गावात पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं ते तुमच्या लोकांनी. माझ्या आजेसासूला बाळंतपणात कोणी हात लावायला तयार नव्हतं तेव्हा मिशनच्या दवाखान्यातली नर्सबाई घरी आली होती, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, विधवेला कार्यात मागं ठेवणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला परिपत्रक काढलं. राज्य पुढं जात असताना आमच्या गावात विधवांच्या हातचं काम लग्नाच्या घरातून उचलून पोत्यात जावं, आणि ते चर्चच्या हॉलमधून जावं? ज्या मुलीचं लग्न होतं तिची आत्या विधवा आहे. त्या दिवशी ती स्वयंपाकघरातच होती.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि तिच्यात तुमची अडचण मला समजते. हॉल जुना आहे, सागवानी वळ्यांना वाळवी लागली आहे, कवेलू दर वर्षी फेरावे लागतात, मंडळी लहान आहे आणि वर्गणीतून भागत नाही. भाड्यानं दिल्याशिवाय तो उभा राहणार नाही. हॉल लग्नाला देऊ नका असं आमच्यापैकी एकीनंही म्हटलेलं नाही. हळदीच्या कार्यक्रमात गोधडीला डाग पडेल, झालरी बांधायला खिळे ठोकतील, म्हणून तेवढ्या दिवसापुरती ती उतरवायला आम्ही स्वतः येऊ. दोघी जणींचं अर्ध्या तासाचं काम आहे. पण "अपशकुनी आहे म्हणून काढा" असं कोणी म्हटलं, तर कमिटीनं त्याला नाही म्हणावं. तेवढं एक बुकिंग गेलं तर गेलं, त्या भाड्याचे पैसे आम्ही बचत गटातून भरू. हे मी गटाला विचारून लिहिते आहे.

एका सभासदांनी असंही म्हटलं की हॉल चर्चचा, आणि गोधडी बाहेरच्या बायांची, मग त्यांनी ती आपापल्या घरी न्यावी. शिवताना कंटाळा येऊ नये म्हणून पाळकीणबाई आम्हाला गोष्टी सांगायच्या. त्यातली यापो गावच्या दुर्कसची गोष्ट मला पाठ आहे. ती गरिबांसाठी कपडे शिवायची. ती गेल्यावर गावातल्या विधवा पेत्राजवळ उभ्या राहून रडत होत्या आणि तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवत होत्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात एवढी साधी घरगुती गोष्ट लिहून ठेवलेली आहे, लिहिणाऱ्यानं ती गाळली नाही. बाई गेली की तिनं शिवलेलं कापड दाखवून रडायचं, हे तुमच्या धर्माला परकं नाही, आणि आम्हालाही नाही. त्या गोधडीच्या निम्म्याहून जास्त ओळी महिला मंडळाच्या बायांनी घातल्या आहेत. यातल्या बाहेरच्या कोणत्या आणि आतल्या कोणत्या, ते टाके पाहून सांगता येणार नाही.

जुन्या कपड्यांची चिंधी हॉलला शोभत नाही, हे म्हणणंही कानावर आलं. आपला जिल्हा गाडगेबाबांचा. शेंडगावात जन्मले, अमरावतीला त्यांची समाधी आहे. अंगावर ठिगळं जोडलेलं पांघरायचे म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे, आणि त्याच माणसाचं कीर्तन ऐकायला गावंच्या गावं लोटायची. चिंधीची लाज धरायची रीत निदान आपल्याकडची नाही.

माझी लेक नर्सिंग शिकते. नोटीस वाचून तिनं मला मोबाइलवर अमेरिकेतल्या दोन गोष्टी दाखवल्या. अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून काळ्या लोकांचं गाव आहे, एके काळी आपल्यासारखंच कापसाचं. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईनं 1942 साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेऊन निजता यावं म्हणून. त्या गावच्या गोधड्या पुढं मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, 2006 साली तिथल्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. दुसरी गोष्ट एड्सची. 11 ऑक्टोबर 1987 ला वॉशिंग्टनच्या मैदानावर 1,920 ठिगळांची गोधडी अंथरली, प्रत्येक ठिगळ 3 फूट बाय 6 फूट, कबरीच्या मापाचं, आणि प्रत्येकावर एड्सनं गेलेल्या माणसाचं नाव. तेव्हा त्या रोगानं गेलेल्याचं नाव घ्यायला घरचेही कचरत होते. आपल्याकडे कर्जापायी जीव दिलेल्याचं नाव असंच दबक्या आवाजात घेतात. मी त्या सदऱ्याचा चौकोन लावला त्या दिवसापासून माझ्या लेकरांनी बापाचं नाव चारचौघांत घ्यायला सुरुवात केली. धाकटा तर हॉलमध्ये गेला की त्या खिशात बोट घालून पाहायचा.

म्हणून "आपापले तुकडे उसवून न्या" हे तुमचं सांगणं आम्हाला कोणालाच मान्य नाही. सुटा तुकडा घरी आणून मी काय करू? पेटीत ठेवीन आणि माझ्यामागं कोणी तो फरशी पुसायला घेईल. आणि जिचं आता मागं कोणीच नाही, ती म्हातारी आजी मागच्या वर्षी वारली, तिच्या लुगड्याची ओळख पटवायला कोण येणार?

आमच्या मागण्या अशा आहेत.

गोधडी जनरेटरच्या खोलीतून लगेच बाहेर काढावी आणि ती आमच्या हाती द्यावी. ऊन दाखवणं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवणं आणि फाटलेले फासे नव्यानं शिवणं आम्ही करू, त्याचा खर्च मागणार नाही. तोवर तिला कात्री लागणार नाही, असं कमिटीनं लेखी द्यावं.

उसवण्याचा आणि विल्हेवाटीचा ठराव रद्द करावा. पुन्हा बैठक घ्यायची तर गोधडी शिवणाऱ्या बायांना बोलावून घ्यावी, पाळकसाहेबांनी अध्यक्ष असावं, आणि आम्ही जे बोलू ते इतिवृत्तात लिहावं.

ठिगळांची वही परत द्यावी. कोणता चौकोन कोणाचा, कुठून आला, हे दहावीतल्या दोन मुलींनी सुंदर अक्षरात लिहिलं आहे. ती हॉलच्या कपाटात होती, आता कपाटाला कुलूप आहे. तिची दुसरी प्रत नाही. गोधडीइतकीच मला त्या वहीची काळजी आहे.

गोधडी शिवणाऱ्यांची, भिंत चर्चची, असा साधा करार एका कागदावर करावा. कार्य असेल तेव्हा ती कोण उतरवणार, कुठं ठेवणार, परत कधी लावणार, हे त्यात यावं. हॉलच्या आत रविवार शाळेच्या खोलीची मागची भिंत कोरडी आहे, कार्यापुरती ती तिथं राहू शकते.

आणि एवढं ऐकूनही हॉलमध्ये ती लावायचीच नाही असं कमिटीचं ठरलं, तर अखंड गोधडी आमच्या ताब्यात द्यावी. समाजमंदिर आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा आहे, आम्ही जागा शोधू. पण मला मनापासून वाटतं की ती जिथं शिवली त्याच छताखाली राहावी. तिथली फरशी आम्ही रोज सारवल्यासारखी पुसून घेत होतो, तिथं पाळकीणबाईंनी चहा करून पाजला, तिथं आम्ही पहिल्यांदा एकमेकींच्या घरातलं दुःख ऐकलं.

येत्या रविवारी भक्ती सुटल्यावर आम्ही बाया हॉलपाशी येतो आहोत. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. सुया, दोरा आणि स्वच्छ चादर घेऊन येऊ. जनरेटरच्या खोलीची किल्ली कोणाजवळ आहे, तेवढं शनिवारपर्यंत कळवावं.

आपली,
गोधडी शिवणाऱ्या बायांपैकी एक
अमरावती जिल्हा

प्रत: ग्रामपंचायत कार्यालय, चर्चचं महिला मंडळ, गावातले दोन्ही बचत गट